मुरुड-०३ ची जुनी प्रत

भास्कर,

हदगावला, तू गेल्यानंतर झालेल्या तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात एक रिक्षावाला माइकसमोर उभा राहिला आणि काही न बोलता रडला. नांदेडच्या स्टँडवरून तुला सकाळी कॉलेजात सोडायचा, एवढीच त्याची तुझी ओळख. मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो. रडू मलाही यायला हवं होतं, पण मला तुझा हेवा वाटला. माझ्यासाठी कुठला रिक्षावाला रडणार नाही, हे मला तिथं बसल्या बसल्या स्वच्छ दिसत होतं. नंतर मला बोलायला बोलावलं. वीस वर्षं मराठी शिकवणारा माणूस ‘कर्तव्यनिष्ठ’ आणि ‘मनमिळाऊ’ असे दोन शब्द बोलून खाली बसला. तू असतास तर मान खाली घालून हसला असतास.

तू गेल्याला आज सत्ताविसावा दिवस. ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत, आपल्या जुन्या कॉम्प्युटरपुढे बसून हे लिहितो आहे. दुपारचे तीन वाजलेत. समोरच्या वाचनकक्षात स्पर्धा परीक्षेची मुलं वाचताहेत आणि दर थोड्या वेळानं कुणीतरी दारातून डोकावतं, तुला शोधतं, मला बघून परत जातं. तुला एक सांगायचं आहे, ते दोन वर्षं सांगितलेलं नाही. मुरुड-०३ ही तुझी फाइल चुकून गेली नव्हती.

ते सांगण्याआधी थोडं मागं जावं लागेल.

संग्रहाची कल्पना माझी. नांदेड ते लातूर या पट्ट्यातल्या म्हाताऱ्या माणसांचं बोलणं जसंच्या तसं रेकॉर्ड करून ठेवायचं, त्यांच्या तोंडचे शब्द जपायचे. प्रस्ताव मी लिहिला, त्यावर नाव माझं. तू ग्रंथालयातला परिचर. रेकॉर्डर दोन होते आणि दुसरा हातात धरायला कुणी नव्हतं, म्हणून मी तुला विचारलं. तुला निवडलं असं मी नंतर लोकांना सांगत असे. ते खरं नाही. सहा महिन्यांत माझ्याकडे शब्दांच्या याद्या जमल्या आणि तुझ्याकडे माणसं. मी वही उघडून समोर खुर्ची टाकून बसायचो. तू समोर कधी बसलाच नाहीस. ती बाई ज्वारी निवडत असेल तर तू ज्वारी निवडायला लागायचास, म्हातारा दोर वळत असेल तर दोराचं दुसरं टोक धरायचास. रेकॉर्डर मधे बाजेवर पडलेला असायचा आणि थोड्या वेळानं दोघंही त्याला विसरायचे. ही पद्धत तू कुठं शिकलास असं मी एकदा विचारलं. “पद्धत कसली सर,” तू म्हणालास, “नुसतं बसून राहिलं की लाज वाटते.”

त्या वाक्यावर मी शोधनिबंध लिहिला असता. तुला ते सहज सुचलं होतं, हे मला सहन झालं नाही.

कॉम्प्युटरचंही तेच. व्हायरस लागून तो बंद पडला होता, भंगारात जायचा होता. रद्दीवाल्याकडून किलोवर आणलेलं, मुखपृष्ठ नसलेलं एक इंग्रजी पुस्तक बोट ठेवून वाचत तू त्यात लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली बसवलीस. बारावी झालेला माणूस काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करायला लागला आणि मी, डॉक्टरेटवाला, शेजारी बसून ते हुकूम वहीत उतरवून घ्यायला लागलो.

पहिली चूक माझीच होती आणि ती खरीखुरी चूक होती. दोन्ही रेकॉर्डर एकाच बनावटीचे, दोन्ही आपापल्या फायलींना एकपासून नंबर देणारे. माझ्या नऊ फायली मी फोल्डरमध्ये टाकल्या, मग तुझ्या नऊ त्याच फोल्डरमध्ये हलवल्या. बघतो तर अठराच्या जागी नऊच, आणि त्या सगळ्या तुझ्या. mv हा दोन अक्षरांचा हुकूम फाइल हलवतो, आणि फाइलचं नाव बदलायचं तरी त्यालाच सांगावं लागतं. त्या नावाची फाइल तिथं आधीच असेल तर तो ती पुसून तिच्या जागी नवी बसवतो. विचारत नाही, कळवतही नाही, आणि कचऱ्याच्या डब्यात शोधलं तरी जुनी सापडत नाही. माझी नऊ माणसं तुझ्या नऊ माणसांखाली गेली. तेव्हा मी हसून दाखवलं. मनात आलं की यंत्रालासुद्धा कोणाचं ठेवावं हे कळतं.

तू मात्र दुसऱ्याच दिवशी शिस्त लावलीस. गावाचं नाव, मग बोलणाऱ्याचा नंबर. त्याच माणसाचं दुसऱ्यांदा रेकॉर्डिंग झालं तर पुढे आणखी एक आकडा. तीच नावं लांब आडव्या नोंदवहीत, तुझ्या त्या छापल्यासारख्या अक्षरात. आणि mv ला तू -i कायमचा जोडून टाकलास, म्हणजे जुन्या फाइलवर नवी बसणार असेल तर कॉम्प्युटर आधी विचारणार: बसवू का?

आठवडाभरातच तू माझ्या मागं उभा होतास. मी चाळीसेक फायलींची नावं बदलत होतो आणि प्रत्येक प्रश्नाला y, म्हणजे ‘हो’, दाबत होतो.

“सर, वाचून तरी राहिले का? ते विचारून राहिलं अन् तुम्ही नुसतं हाव हाव करून राहिले.”

मला राग आला, कारण मी खरंच वाचत नव्हतो. मग तू -i काढून -n लावलास. जागा भरलेली असेल तर हा गप्प बसतो, काहीच करत नाही. दोन दिवस मी तक्रार करत होतो की नावं बदलतच नाहीत, कीबोर्ड बिघडलाय. तू इतका हसलास की वाचनकक्षातून कुणीतरी शूऽ केलं.

तेव्हा आपलं जे भांडण झालं ते अजून मिटलेलं नाही. माझं म्हणणं होतं की यंत्रानं विचारलंच पाहिजे. उत्तर देईल तो जबाबदार. तुझं म्हणणं वेगळं होतं. “विचारून काय होते सर? हो म्हणायची सवय लागते माणसाला. जुनंबी राहू द्यावं, नवंबी राहू द्यावं. ज्याला लागंल तो मागंल.” मी म्हणालो, असं केलं तर फोल्डर कचऱ्यानं भरेल. “भरू द्या की,” तू म्हणालास. तेवढ्यात कुणीतरी पुस्तक परत करायला आलं आणि तू उठलास. दोन दिवसांनी जाता जाता म्हणालास, “बसवलं सर. आता काही विचारत नाही ते तुम्हाला.” मी समजलो, वैतागून सगळं पहिल्यासारखं करून ठेवलंस. काय बसवलं, हे मी विचारलं नाही. तुला काही विचारायचं म्हणजे तुला जास्त कळतं हे कबूल करणं होतं.

आता मुरुड, लातूरजवळचं माझं गाव.

तू माझ्या आईकडे एकटा गेलास, कारण त्या दिवशी मी लातूरला पेपर तपासायला अडकलो होतो. मीच म्हणालो होतो, जाता जाता मुरुडला उतर, घरी जेव, आईचं थोडं रेकॉर्डिंग होतंय का बघ. माझी खात्री होती की होणार नाही. आई माझ्याशी दहा वाक्यांच्या वर बोलत नसे. संध्याकाळी तू बावन्न मिनिटं घेऊन आलास.

ती मी याच खुर्चीवर बसून ऐकली. सगळी नाही, पहिली दहाएक मिनिटं. सुरुवातीलाच तू तिला “माय” म्हणालास. भास्कर, मीही तिला मायच म्हणायचो. दहावीनंतर लातूरला शिकायला गेलो आणि दिवाळीला परत आलो ते आई म्हणायला लागलो. मी तिथं टाकून दिलेला शब्द तू पहिल्या मिनिटाला उचललास आणि ती “काय रं बाळा” म्हणाली. मग शेंगा फोडल्याचा आवाज, टक् टक्, दोन हातांचा, मग चार हातांचा. “ह्या बियाच्या का?” असं तू विचारलंस. “बियाच्या हायत. नीट फोड, दाणा दुखावला तर उगवत न्हाई.” कोणाचा कोण हे तिनं विचारलं आणि तू सरळ सांगितलंस, हदगावचा, बौद्ध वस्तीतला. आई थोडी थांबली. मी कॉम्प्युटरचा आवाज वाढवला. मग ती म्हणाली, “सरक इकडं. ऊन यायलंय तुझ्यावर.”

पुढे ती हसली. मी ते हसणं कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. मी तिथंच बंद केलं.

पुढच्या रविवारी मी माझा रेकॉर्डर घेऊन मुरुडला गेलो. वही उघडली, बसलो, प्रश्न विचारले. सतरा मिनिटं झाली. बुधवारी दुपारी, तू टपाल आणायला गेला होतास तेव्हा, मी ती फाइल संग्रहात चढवायला बसलो. नियमानं तिचं नाव मुरुड-०३-२ व्हायला हवं होतं. मी mv लिहिलं, रेकॉर्डरनं दिलेलं नाव लिहिलं, आणि पुढे मुरुड-०३ लिहिलं. बोट एंटरवर काही क्षण थांबलं होतं. दोन वर्षं मी स्वतःला सांगत आलो की मी -२ विसरलो. विसरलो नव्हतो. माझ्या आईचं या संग्रहात एकच बोलणं असेल तर ते माझ्याशी बोललेलं असावं, असं मला त्या क्षणी वाटलं, आणि हा हुकूम विचारत नाही हे मला माहीत होतं.

नंतर मी यादी काढून बघितली. यादी काढायची माझी एक ठरलेली सवय होती, तुला माहीत आहे: ls च्या पुढे *.wav लिहायचं, म्हणजे .wav वर संपणाऱ्या नावांच्या फायली तेवढ्या दिसतात. मुरुड-०३ एकच होती, सतरा मिनिटांची. तू आलास तेव्हा मी म्हणालो, तुझी आईची फाइल माझ्याकडून चुकून गेली रे, याने विचारलंच नाही. तू पडद्याकडे पाहिलंस, मग माझ्याकडे. “जाऊ द्या सर,” म्हणालास, “होतं असं.” आणि टपालाची पाकिटं लावायला बसलास.

त्यानंतर चार महिन्यांनी आई गेली.

तू मुरुडला आलास, मातीला होतास, सगळी कामं केलीस. परत नांदेडला आल्यावर मी रोज दुपारी या खोलीत माझी सतरा मिनिटं ऐकायचो. “हो.” “नाही.” “असं म्हणतेत आमच्याकडं.” मधे पंख्याचा आवाज आणि माझ्या पेनाचा. तू दारात उभा राहून एकदा म्हणालास, “सर, काही लागलं तर विचारा.” मी मान हलवली. लोक असं म्हणतात म्हणून तू म्हणालास, असं मला वाटलं. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा तेच. “लागलं तर विचारा सर. संकोच नका करू.” मी म्हणालो, नाही रे, काही नको.

परवा तुझी सुनंदा, आमच्या सुनंदावहिनी, हदगावहून आल्या. आडवी नोंदवही पिशवीत होती. ओळी आखायला तू ती घरी नेली होतीस. त्यांनी ती माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, “हे तुमचं राहिलं होतं त्यांच्याकडं.” त्यांना वहीबद्दल म्हणायचं होतं. त्या चहा न घेताच गेल्या, चारची बस होती.

मी मुरुडचं पान उघडलं. तिसऱ्या नोंदीपुढे तुझ्या अक्षरात लिहिलेलं आहे: ‘सरांच्या आई. दोन प्रती. जुनी तिथेच आहे. सरांनी विचारल्यावर द्यावी.’ बाजूला तारीख त्या बुधवारच्या दुसऱ्या दिवसाची.

मी कॉम्प्युटरवर नुसतं ls लिहिलं, पुढे काही न जोडता. मुरुड-०३.wav दिसली, आणि तिच्याखाली तेच नाव, शेवटी लाटेसारखी एक खूण, १ आकडा, आणि पुन्हा लाटेसारखी खूण. ते नाव .wav वर संपत नव्हतं, म्हणून माझ्या यादीत ते कधी आलंच नव्हतं. मग तू काय बसवलं होतंस ते उघडून बघितलं. mv लिहिलं की कॉम्प्युटरनं ते स्वतःहून ‘जुनीची प्रत राखून हलव’ असं वाचावं, अशी एक ओळ. विचारायचं नाही, अडवायचं नाही, पुसायचंही नाही. जुनीला शेवटी खूण लावून शेजारी ठेवायचं. भांडण तू त्या आठवड्यातच जिंकलं होतंस आणि मला कळवलं नव्हतंस.

म्हणजे तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. -२ मी विसरणार नाही हेही तुला माहीत असणार. नियम तुझा असला तरी पाळणारा मीच जास्त काटेकोर होतो. मला आधी तुझा रागच आला. आई गेल्यावर मी त्या सतरा मिनिटांवर दिवस काढत असताना बावन्न मिनिटं दोन बोटांच्या अंतरावर होती आणि तू ती दिली नाहीस. पण तू दिली असतीस तर तुला सगळं कळलंय हे मला कळलं असतं, आणि त्यानंतर मी या खोलीत तुझ्याशेजारी बसू शकलो नसतो. तू माझ्यासाठी दार उघडं ठेवून दारातच उभा होतास. मला फक्त विचारायचं होतं. भांडणात यंत्रानं विचारलंच पाहिजे म्हणणारा मी.

काल मी बावन्न मिनिटं पूर्ण ऐकली. तुला त्यातलं पाठ असेल, पण मला लिहू दे. चाळिसाव्या मिनिटाच्या आसपास आई माझ्याबद्दल बोलते. “त्यानं वही काढली की माझं त्वांड मिटतंय. लेक हाय माझा, पर परीक्षा घेतल्यावानी बसतोय.” तू म्हणतोस, “आमच्यासमोरबी तसंच बसतात, माय.” आणि तुम्ही दोघं हसता. मला लागलं, पण हसूही आलं, कारण खरं आहे. मग ती विचारते, “ल्हानपणी लई बोलायचा रं. तुझ्यासंगं बोलतो का?”

टक्. टक्. टक्. तू तीन शेंगा फोडल्यास. मी मोजल्या.

“बोलतात की,” तू म्हणालास. “रोज बोलतात. माझं काम होऊ देत नाहीत इतकं बोलतात.”

“मग बरं हाय,” आई म्हणाली. “कुनाशी तरी बोलतोय म्हंजे.”

तू खोटं बोललास, भास्कर. माझ्या आईला, माझ्यासाठी, शेंगा फोडता फोडता. मी तेव्हा तुझ्याशी कामापुरतंच बोलत होतो. ती ते ऐकून निवांत झाली आणि त्यानंतर चार-पाच महिने तशीच निवांत जगली असेल. माझ्याकडून तिला जे मिळायला हवं होतं ते तुझ्याकडून मिळालं. याबद्दल तुझे आभार मानावेत की तुझा हेवा करावा हे मला कळत नाही. दोन्ही करतो आहे. हेवा थोडा जास्त आहे. तो जुना आहे आणि त्याला सवय आहे.

आज दुपारी मी नावं नीट लावली. घाई केली नाही. आधी माझ्या सतरा मिनिटांना मुरुड-०३-२ हे त्यांचं खरं नाव दिलं. मग तुझ्या फाइलच्या शेवटच्या खुणा काढून तिला मुरुड-०३ केलं. दोन्ही वेळा -i लावला होता, तुझी ओळ तशीच ठेवून, मुद्दाम. एंटर दाबल्यावर वाट बघितली. प्रश्न आला नाही. जागा मोकळी होती, विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. तरी मी थोडा वेळ पडद्याकडे बघत बसलो. या वेळी प्रश्न आला असता तर मी तो वाचला असता.

मग नोंदवही पुढे ओढली. ‘सरांनी विचारल्यावर द्यावी’ या तुझ्या ओळीखाली मी एकच शब्द लिहिला: ‘विचारलं.’ तुझ्या अक्षराखाली माझं अक्षर फार वाईट दिसतं. त्याचाही हेवा वाटला.